शिंपल्यांची वाटी आणि आमच्या नऊ कोंबड्या

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास अंडी काढायला खुराड्यात हात घातला आणि हाताला जे लागलं ते मऊ होतं. सोललेल्या ताडगोळ्यासारखं. उचलायला गेले तर बोटं आत रुतली, फुटलं नाही, पण मधे खळगा पडला आणि हात काढल्यावर हळूहळू परत भरून आला. कवचच नव्हतं, नुसती आतली पातळ साल. तांबडीचं अंडं होतं ते. एरवी अंडं घातलं की अख्खी वाडी डोक्यावर घेणारी कोंबडी, त्या दिवशी कोपऱ्यात पिसं फुलवून, शेपटी खाली टाकून गप्प उभी होती. मला फार वाईट वाटलं, कारण तिला खायला काय मिळतं, किती मिळतं, कधी मिळतं हे सगळं माझ्याच हातात होतं ना, आणि मी त्याचा कधी नीट विचारच केला नव्हता.

माझं माहेर सावंतवाडीचं आणि सासर इथे गोव्यात पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठचं गाव. घरामागे सहा माड, थोड्या केळी, एक मशिंगाचं झाड (माहेरी आम्ही शेगूल म्हणायचो, बाकी महाराष्ट्रात शेवगा), आणि चिऱ्यांचं एक जुनं खुराडं जे सासूबाईंच्या सासूबाईंनी बांधून घेतलेलं. त्यात आता नऊ कोंबड्या आहेत, सहा ग्रामप्रिया आणि तीन गावठी. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने मुद्दाम परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात, तपकिरी अंडं देते, अंगाने फार जड नाही, आणि नीट खायला मिळालं तर गावठीच्या दुपटीतिपटीने अंडी घालते. ते "नीट खायला मिळालं तर" आहे ना, सगळं त्यात अडकलेलं आहे आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे पद्धत अशी की सकाळी सातला मी सगळं एकदम घालायचे आणि म्हापशाला कामावर निघून जायचे. सगळं म्हणजे आदल्या रात्रीचा उरलेला भात, कणी, थोडा कोंडा, शिळे उंडे (गोव्याचे पाव) भिजवून, आणि वरून दोन मुठी दुकानातला लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं दळलेलं तयार खाद्य, म्हणजे फीड). सासूबाई तर मॅशच्याही विरोधात. "अगो, कोंबयांक वेगळें जेवण कित्याक? आमच्यो कोंबयो पेज खावनच वाडल्यो." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या बरं का. त्यांच्या काळच्या कोंबड्या गावठी, वर्षाकाठी ५०-६० अंडी घालणाऱ्या, १२-१५ अंडी झाली की खुडूक बसणाऱ्या, मधे दोन-तीन महिने अंगाला विश्रांती. दिवसभर माडाखाली, शेणखताच्या ढिगात, वाळवीच्या वारुळांवर, खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर हिंडून किडे, गोगलगाई, बारीक शिंपले स्वतः शोधून खायच्या. पेज हे नुसतं संध्याकाळी घरी परत यायचं आमिष होतं. तेवढ्या अंड्यांना तेवढं पुरतं. पण वर्षाला दीडशेच्या वर अंडी घालणाऱ्या कोंबडीला आपण जाळीच्या आत ठेवायचं आणि पेजेवर सोडायचं, हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो मी करत होते.

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, ते मऊ अंडं एका वाटीत घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी अंडं बघितलंच नाही फारसं, त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. खायला काय घालता, कधी घालता, आणि पाणी कुठलं. मला तेव्हा वाटलं हे काय विचारतायत, औषध द्या की. आता वाटतं या तीन प्रश्नांपलीकडे घरच्या कोंबड्यांच्या खाण्यात दुसरं फार काही नाहीच.

त्यांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला, तो कागद अजून माझ्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. एक अंडं साधारण ५५ ग्रॅमचं, त्यातलं दहावा हिस्सा कवच, म्हणजे साडेपाच ग्रॅम. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपास. कोंबडी जेवढं कॅल्शियम खाते त्यातलं साधारण निम्मं अंगी लागतं, म्हणजे एका अंड्यामागे तिच्या पोटात चार ग्रॅम गेलं पाहिजे. अंड्यावरच्या कोंबडीचं दिवसाचं खाणं १०० ते १२० ग्रॅम. लेयर फीडमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, ते का, तर ११० ग्रॅम खाल्लं की बरोबर चार ग्रॅमच्या आसपास जातं म्हणून. आता त्यातलं निम्मं काढून भात घातला तर? भातात कॅल्शियम नसल्यात जमा. चारचं दोन झालं. प्रथिनांचंही तेच, फीडमध्ये १६ ते १८ टक्के, तांदळात सात-आठ टक्के, म्हणजे दिवसाला १८ ग्रॅम मिळायची ती १३ वर आली. पोट भरलेलं दिसतं, कोंबडी आनंदाने खाते, आपल्यालाही बरं वाटतं, आणि आत उपासमार चालू असते. वर्षाला १५० अंडी धरली तरी आठशे ग्रॅमच्या वर कवच होतं हो! जेमतेम पावणेदोन किलोचा तो जीव. खाण्यातून मिळालं नाही तर ती आधी स्वतःच्या हाडांतलं काढून अंड्याला देते, आणि तिथलंही संपलं की मग असं ताडगोळ्यासारखं अंडं येतं.

मी विचारलं, मग नाचणी घालू का, नाचणीत कॅल्शियम खूप असतं म्हणतात. ते म्हणाले असतं, माणसांच्या हिशेबाने खूप, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका अंड्याच्या चार ग्रॅमसाठी कोंबडीला किलोभर नाचणी खावी लागेल. नाचणी चांगलीच आहे, मी अजून मूठभर घालते, पण कवच त्यातून होत नाही.

कवच होतं शिंपल्यातून. आणि शिंपले तर आमच्या घरातून आठवड्याला टोपलीभर बाहेर पडतात! तिसऱ्यो, खुबे, कधी शिणाणे, खाऊन झाले की शिंपले माडाच्या आळ्यात. कोंबड्या तिथे उकरत बसायच्या तेव्हा मी त्यांना हुसकावायचे, आळं विस्कटतात म्हणून. त्या बिचाऱ्या औषध शोधत होत्या.

हे कसं करायचं ते सविस्तर लिहिते कारण मला तीन-चार जणींनी विचारलंय. सुक्याच्या किंवा आमटीच्या तिसऱ्यो शिजलेल्याच असतात, त्यांचे शिंपले गरम पाण्याने धुवायचे, मसाला-मीठ पूर्ण गेलं पाहिजे, मग तीन-चार दिवस कडक उन्हात. नंतर जाड तव्यावर दहा-पंधरा मिनिटं परतायचे, त्याने वास जातो आणि ते ठिसूळ होतात. निखाऱ्यात टाकायचे नाहीत. सासूबाईंना वाटलं चुलीत टाकले की पटकन फुटतील, पण शिंपला फार भाजला की त्याचा कळीचा चुना होतो, पूर्वी चुन्याच्या भट्ट्यांत हेच तर करायचे, आणि तो चुना ओल्या चोचीला, घशाला भाजतो. पांढरा फटक भुगा झाला की तो टाकून द्या. परतलेले शिंपले गोणपाटात घालायचे आणि वरवंट्याने ठेचायचे. पीठ करायचं नाही, रवाही नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. मी पहिल्यांदा मिक्सरमधून बारीक भुकटी केली, मिक्सरचं भांडं खराब झालं आणि कोंबड्यांना उपयोगही कमी, ते का ते आता सांगते, कारण मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. तांबडी सकाळी नऊला अंडं घालते असं धरा. अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो, चार-पाच तासांत त्यावर पांढरं आणि पातळ साल चढते, आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत ते कवच चढायच्या जागी पोचतं. तिथे ते वीसेक तास राहतं. म्हणजे कवचाचं खरं काम संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चालतं, आपण झोपलेले असतो, कोंबडी आडव्या बांबूवर डोळे मिटून बसलेली असते, आणि आत तिचं शरीर कॅल्शियम मागत असतं. आणि नेमकं तेव्हा ती काही खात नाही! अंधार पडला की कोंबडी खात नाही. सकाळी सातला खाल्लेलं बारीक फीड दुपारपर्यंत पचून गेलेलं. मग रात्रीला कुठून आणायचं? तर संध्याकाळी पाच-सहाला तिने जाड शिंपल्याचे तुकडे गिळलेले असले तर ते पोट्यात (कलेजी-पोटा म्हणतो ना आपण, तो पोटा) अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. भुकटी पटकन पुढे निघून जाते, तुकडा राहतो. एवढं साधं आहे. मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं, कारण मला वाटलं माझी काही चूक होतेय ऐकण्यात.

तेव्हापासून आमच्याकडे खाण्याचं वेळापत्रक बदललं. सकाळी सहाला उठून अर्धं फीड, आणि संध्याकाळी साडेपाचला अर्धं. मी यायच्या आत वेळ झाली तर सासूबाई घालतात (हो, आता त्याच घालतात). माप म्हणजे नारळाची करवंटी, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघितलं, आमच्या करवंटीत १४० ग्रॅमच्या आसपास मॅश बसतो, तर दिवसाला सात करवंट्या, नऊ जणींना साधारण किलोभर. फीड आधी. भात, कणी, उंड्याचा तुकडा हे सगळं फीड खाऊन झाल्यावर, आणि सगळ्यांत मिळून दोन मुठी, त्याच्या वर नाही. आमच्या घरच्या कोरगुट तांदळाची कणी त्यांना इतकी आवडते की फीड सोडून तिच्याकडे धावतात, म्हणून ती शेवटी.

शिंपल्यांची वाटी मात्र वेगळी. एक जुनी मातीची पणती आहे मोठी, ती खुराड्याच्या दाराशी कायम भरलेली. फीडमध्ये मिसळायची नाही. कारण प्रत्येकीची गरज वेगळी आणि ती त्यांना कळते. तुम्ही संध्याकाळी दहा मिनिटं तिथे बसून बघाच. जिला उद्या अंडं घालायचंय ती फीड अर्धवट टाकून वाटीकडे येते, मान वाकडी करून एका डोळ्याने तुकडा निरखते, उचलते, जमिनीवर आपटते, परत उचलते आणि गिळते. तांबडी सात-आठ तुकडे गिळते आणि मग बाजूला होते, तिला पुरे झालं की पुरे. आणि गेल्या महिन्यात आमची एक गावठी खुडूक बसली होती, ती २१ दिवसांत त्या वाटीकडे फिरकली नाही, दाणे खायला उठायची, पाणी प्यायची आणि परत अंड्यांवर. पिल्लं मोठी झाली, तिची परत अंड्यावर यायची वेळ झाली की वाटीवर येईल. हे जनावर किती शहाणं आहे हे मला तिथे बसून कळलं.

पिल्लांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) हे असलं फीड घालायचं नाही, तेही सांगून ठेवते. लेयर फीड साधारण १८ आठवड्यांनंतर, अंड्यावर यायच्या सुमाराला. त्याआधी त्यांना जेमतेम एक टक्का कॅल्शियम पुरतं, चार टक्के पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात. आमच्या वाडीत एकाने पैसे वाचतील म्हणून सगळ्यांना एकच गोणी चालवली, पिल्लं वाढलीच नाहीत.

तर फीड झालं, वेळ झाली, शिंपले झाले, आठ-दहा दिवसांत फरक दिसायला पाहिजे होता आणि दिसलाही, पण पूर्ण नाही. कवच आलं पण पातळ, हाताळताना तडा जायचा. मग तिसरा प्रश्न आठवला. पाणी कुठलं?

विहिरीचं. आमची विहीर खाजनाच्या वरच्या अंगाला आहे, पावसाळा ते फेब्रुवारी-मार्च पाणी गोड, एप्रिलपासून मचूळ व्हायला लागतं आणि मेमध्ये तर जिभेला खारट लागतं. आम्ही तेव्हा नळाचं पितो आणि विहिरीचं झाडांना, भांड्यांना. आणि कोंबड्यांना! आपण जे तोंडात घेत नाही ते मी त्यांना भर उन्हात पाजत होते. पाण्यात मीठ असलं की अंड्याचं कवच बिघडतं, चारा कितीही चांगला असला तरी, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं पण माझ्या डोक्यात शिंपलेच बसलेले. दुसऱ्या दिवसापासून नळाचं पाणी, मातीच्या मडक्यात, माडाच्या सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. कोंबडी खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, म्हणजे एरवी दोनशे-अडीचशे मिली, आणि मेच्या उकाड्यात अर्ध्या लिटरपर्यंत. पाणी गरम झालं तर ती पीत नाही, आणि पाणी कमी प्यायली की खाणंही कमी.

आणि उकाडा हे आणखी एक कारण आहेच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते, आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. त्या धापांमधून रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जातो, आणि कवचातलं कार्बोनेट त्याच्यापासूनच बनतं. म्हणजे कॅल्शियम भरपूर असलं तरी जोडीदारच कमी पडतो. शिवाय उन्हाने खाणं मंदावतं. म्हणून मेमध्ये मी सकाळी दहा ते दुपारी चार खायला ठेवतच नाही, पचवायची उष्णता अंगात कशाला, पहाटे आणि संध्याकाळी गार वेळेला घालते, खुराड्यावर झावळ्यांचा जाड थर, आणि दुपारी कलिंगडाच्या साली. त्या सालींचा पांढरा भाग त्या असा टोचून खातात की मागे कागदासारखी हिरवी पापुद्र्याची साल राहते.

एवढं सगळं शिकले आणि दोन महिने झाले नाहीत तोवर जुलैत माझ्या हातून जे झालं ते लिहिताना अजून घशाशी येतं. तेव्हा कोंबड्या दहा होत्या.

५० किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून ती आणली होती. दिवसाला किलोभर, म्हणजे गोणी पन्नास दिवस चालणार, भर पावसाळ्यात, आणि मी ती मागच्या पडवीत भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेली. गोव्याचा जुलै म्हणजे कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तर ते फीड. तळाला गाठी झाल्या होत्या, हिरवट, फोडल्या की धूर निघावा तशी भुकटी उडायची आणि कुबट वास. मी काय केलं, तर गाठी वेगळ्या काढल्या, बाकीचं दोन दिवस पडलेल्या उन्हात पसरून वाळवलं आणि परत घातलं. टाकवेना. पैसे दिलेले. आठवड्यात अंडी सहावरून दोनवर आली, खाणं टाकलं, आणि एक गावठी, पिवळ्या पायांची, माझ्या मुलीची लाडकी, ती सकाळी खुराड्यात पडलेली मिळाली. डॉक्टर म्हणाले गोणी आजच्या आज पुरून टाका. मका, शेंगदाण्याची पेंड, खोबऱ्याची पेंड यांना दमट हवेत जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं, आणि उन्हात वाळवून, भाजून, शिजवून कशानेही ते विष पूर्ण जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. गाठी काढून उपयोग नाही कारण जिथे डोळ्याला दिसत नाही तिथेही ते पसरलेलं असतं.

मुलीला काय सांगायचं ते मला सुचेना. तिला वाटलं कोल्ह्याने मारली, आणि मी ते तसंच राहू दिलं, ते मला अजून लागतं.

आता जून ते सप्टेंबर २५ किलोपेक्षा मोठी गोणी घरात येत नाही, आणि ती उघडली की लगेच झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, ड्रम चार चिऱ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. करवंटी कोरडी, हात कोरडे. रोज घालायच्या आधी मूठभर फीड मुठीत दाबून बघायचं, मूठ उघडली की मोकळं सुटलं पाहिजे, गोळा राहिला तर घालायचं नाही. आणि नाकाजवळ नेऊन वास. दुकानातून घेतानाही गोणीवरची तारीख बघायची आणि शिवण थोडी उसवून वास घ्यायचा, दुकानदार कुरकुरला तरी. फीडरमध्ये उरलेलं रात्री आत घ्यायचं, नाहीतर उंदीर येतात, आणि आमच्याकडे उंदरांमागून धामण येते आणि मग अंड्यांचं काही खरं नाही. मॅश भिजवून दिला तर तासाभरात संपेल एवढाच, या हवेत तो दुपारपर्यंत आंबतो.

खरकट्याबद्दल थोडं. गोव्याच्या स्वयंपाकघरातलं खरकटं म्हणजे मीठ. सुका बांगडा, मिठातली तोरं, खारातले फणसाचे गरे, लोणच्याचा खार. हे कोंबडीला अजिबात नको, माणसाला चिमूटभर वाटतं ते तिच्या दीड-दोन किलोच्या अंगाला फार होतं. आधी जुलाब, जास्त झालं तर जीव जातो. कच्चा राजमा, हिरवे झालेले बटाटे, त्यांची सालं, हेही नको. सुंगटांची (कोळंबीची) डोकी मी देते, बिनमिठाच्या पाण्यात उकळून, आठवड्यातून एकदा, प्रथिनं चांगली मिळतात. पण मासळी जास्त झाली तर काही तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांच्या अंड्याला मासळीचा वास येतो, तो त्या कोंबडीच्या रक्तातलाच दोष असतो, तिला तो पदार्थ पचवता येत नाही. आमच्यातल्या एकीचं तसं आहे. शेजारच्या वहिनींनी ऑम्लेट केलं आणि मला हळूच येऊन म्हणाल्या, अगं तवा धुतला होता का नाही ते मलाच कळेना. तेव्हापासून सुंगटं कमी.

मशिंगाचा पाला रोज एक डहाळी, खुराड्याच्या जाळीला बांधून. बलक असा केशरी होतो की पुण्याहून आलेली नणंद विचारत होती रंग घातलास का. रंग पाल्यातल्या आणि पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्याचा. केशरी बलक म्हणजे जास्त पौष्टिक असं काही नाही, पण बघायला छान वाटतं हे खरं. पावसात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा फीडमधलं डी३ जीवनसत्त्व फार कामाचं, एरवी कोंबडी ते उन्हातून, मुख्यतः पायांच्या उघड्या कातडीतून बनवते. तेही नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

डिसेंबरमध्ये अंडी कमी झाली तर फीड बदलू नका. आपल्याकडे तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, अंड्याला १४ तास उजेड लागतो. आणि पिसं गळायला लागली तर अंडी थांबतातच, पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, ती नवीन पिसं विणत असते. त्या दिवसांत मी थोडे उकडलेले चणे जास्त घालते आणि तिच्याकडून काही मागत नाही.

आता आषाढ चाललाय. श्रावण लागला की आमच्या घरात महिनाभर मासळी नाही, चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत शिंपल्याचा तुकडा घरात येणार नाही, आणि अंडीही कुणी खात नाही, वाडीतलं एकही घर घेत नाही, मी ती म्हापशाला ऑफिसातल्या लोकांना नेऊन देते. कोंबड्या मात्र घालतच राहणार, त्यांना शिंपले लागणारच. म्हणून मेपासून मी साठवतेय. तीन डबे भरलेत, रोजची एक पणती धरली तर चवथीपर्यंत चौथा डबा लागेल. काल संध्याकाळी कामावरून आले तर पायरीवर निळी पिशवी ठेवलेली, बाजूच्या वहिनींनी पाठवलेली, आत धुतलेले शिंपले, आणि सासूबाई पडवीत पाय पसरून बसलेल्या, पुढ्यात गोणपाट, हातात वरवंटा. मला बघून म्हणाल्या, "अगो, हे बारीक जातत मगे, तुजें तें जोंधळ्याएदें जायना." मी त्यांच्या बाजूला बसले आणि मोठे तुकडे निवडायला लागले. दारातल्या पणतीत तेव्हा दोनच तुकडे उरले होते आणि तांबडी ते दोन्ही उचलून, आपटून, तिसरा शोधत होती.